भाषा एक, भाषा दोन

शिक्षक पात्रता परीक्षेच्या अर्जात दोन रकाने असतात. एक 'भाषा १' आणि त्याखाली 'भाषा २'. बाकीचा अर्ज माणूस सवयीनं भरत जातो, पण आपल्यासारख्या घरातल्या माणसाचं पेन नेमकं इथं थांबतं. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीकडच्या घरांत पहिली भाषा कोणती म्हणायची? आईशी बोललो ती, की शाळेत लिहिली ती? आमची आई हुक्केरीकडची. तिनं आम्हाला भरवलं, दटावलं, बोटं धरून अंक मोजायला शिकवले ते कन्नडात. वडील निपाणीचे, त्यांच्याशी मराठी. आईला आम्ही 'अव्वा' म्हणायचो आणि वडिलांना 'बाबा', आणि त्यात काही जगावेगळं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. २००४ साली नोकरीला लागले तेव्हा टीईटी हा शब्दच कुणी ऐकला नव्हता. शिक्षण हक्काचा कायदा झाला २००९ मध्ये आणि त्याच्या आधारे ही परीक्षा सक्तीची झाली ती २०१० च्या ऑगस्टमध्ये. नव्यांचं नव्यांपाशी, असं म्हणून आम्ही जुनी मंडळी निवांत होतो. मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत ही परीक्षा पास व्हावी, नाहीतर नोकरी सोडावी, असं त्यात होतं. माझी निवृत्ती अजून चांगली लांब. एकवीस वर्षं पोरांचे पेपर तपासले, आता माझाच पेपर कुणीतरी तपासणार! स्टाफरूममध्ये काही दिवस नुसता संताप होता, मग हळूहळू एकेकीच्या पर्समधून गाईड डोकावू लागलं.

तेच गाईड घेऊन मी २०२५ च्या दिवाळीत सुरतेला अक्काकडे गेले. अक्काचं घर डिंडोलीत. भाऊजी मूळचे इचलकरंजीचे, मागावर वाढलेले. नव्वदच्या दशकाअखेरीस सुरतेत लूमवर जास्त पैसे मिळतात म्हणून गेले आणि तिथलेच झाले. डिंडोली हा सुरतेचा आग्नेयेकडचा भाग, उधन्याच्या पलीकडचा. उधन्याहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग याच बाजूनं जातो. त्या मार्गानं जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं पिढ्यान् पिढ्या सुरतेला येत राहिली. त्यामुळे डिंडोलीत, शेजारच्या लिंबायत-उधन्यात मराठी अशी कानावर पडते की आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होतं. पण ती आपली मराठी नव्हे, अहिराणी. 'आहे'ला 'शे' म्हणणारी. श्रावणात कानबाई बसते, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होते. बाजूच्या खोलीत उत्तर प्रदेशातलं कुटुंब, त्यापुढं ओडिशाचं. माझी भाची अशा चाळीत वाढली. घरात मराठी, आईच्या तोंडून कन्नड, शेजारी अहिराणी, रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती.

सुरत महापालिकेची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथं पालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांच्या आहेत – गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. आपल्याकडे एका गावात दोन माध्यमांच्या शाळा असल्या की लगेच भांडणाचा विषय होतो, म्हणून ही यादी मुद्दाम दिली. भाची अशाच पालिकेच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकली आणि नववीला गुजराती माध्यमात गेली.

खरी मेख तिथं बसली. विज्ञानाचं पुस्तक उघडलं तर धडा 'पेशी'. मुलगी खूष, हे तर आपल्याला येतं! मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा सर्वांत लहान घटक. पण गुजरातीत त्याला 'कोष' म्हणतात आणि 'पेशी' म्हणजे आपण जिला 'ऊती' म्हणतो ती. शब्द तोच, अर्थ एक पायरी वर सरकलेला. पहिल्या चाचणीत तिनं पानभर पेशीवर लिहिलं आणि शून्य मिळवलं. आपल्या पोरांना 'अवकाश'चं असंच होतं, कन्नडात तो शब्द संधी या अर्थानं येतो आणि मराठीत आभाळापलीकडच्या पोकळीसाठी. कन्नडात पेशीला 'जीवकोश' म्हणतात, हे अक्कानं तिला सांगितलं तेव्हा कुठं गुजराती 'कोष' तिच्या डोक्यात पक्का बसला. मराठी-गुजरातीचा गुंता आईच्या कन्नडानं सोडवला.

भाऊजींना मात्र तिला डॉक्टर करायचं होतं. लूमच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या माणसानं मुलीसाठी दुसरं काय मागावं? बारावी विज्ञान झाली, नीट दिली २०२४ ला, मग एक वर्ष क्लास लावून पुन्हा २०२५ ला. क्लासच्या फीसाठी अक्काच्या पाटल्या बँकेत गेल्या. गुण वाढले, पण सरकारी कॉलेजच्या जवळ जातील इतके नाहीत. २०२५ ला देशभरातून बावीस लाखांवर मुलं या परीक्षेला बसली होती. एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खाजगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या खाजगीच्या फीचा आकडा लूमवाल्या घरात मोठ्यानं उच्चारतही नाहीत.

इथं आणखी एक गोष्ट कळली, जी आपल्याकडच्या पालकांनीही ध्यानात ठेवावी. नीट मराठीत देता येते असं आपण ऐकतो, आणि ते खरं आहे. २०१७ पासून मराठी, कन्नड, गुजराती या भाषांतही प्रश्नपत्रिका निघाली. पण मराठीतली प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते, कन्नड कर्नाटकातल्या. सुरतेत बसणाऱ्या मराठी मुलीला गुजराती घ्यावी लागते, नाहीतर हिंदी-इंग्रजी. बेळगावात बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाचीही तीच गत. आणि प्रादेशिक भाषेच्या भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. म्हणजे ज्याच्यासाठी भाषांतर केलं त्यानंच शेवटी इंग्रजीकडं बघायचं. आपल्या सीमाभागातल्या मुलांना निदान महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात एक दार आहे. वादग्रस्त ८६५ गावांतून दहावी किंवा बारावी झालेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांचा तिथं स्वतंत्र प्रकार आहे. डिंडोलीच्या पोरांसाठी असं काही नाही. ती मराठी असली तरी नियमानं गुजरातची.

भाऊजींचं म्हणणं होतं, तिसऱ्यांदा बस. अक्का गप्प. भाची म्हणाली, "मावशी, तुझं हे गाईड मी बघू का?"

मला वाटलं, सहज चाळते आहे. पण संध्याकाळी ओट्यावर सात-आठ पोरं जमली तेव्हा उलगडा झाला. महिन्याला थोडेथोडके पैसे घेऊन ती चाळीतल्या मुलांचा अभ्यास घेत होती. पहिली-दुसरीची पोरं, माध्यमं वेगवेगळी. त्या दिवशी अंकवाचन चाललं होतं. एक मराठी शाळेतला पोरगा ४९ वाचताना अडला. 'एकोणपन्नास' ऐकल्यावर त्याच्या कानात 'पन्नास' घुमायचं आणि तो पुढं ५ लिहून मोकळा व्हायचा. गुजराती शाळेतल्या मुलीचं 'ओगणपचास'मध्ये तेच, हिंदीवाल्याचं 'उनचास'मध्ये तेच. मी एकवीस वर्षं हे वर्गात पाहिलंय. आपण काय करतो? दहा वेळा लिहून आण म्हणतो.

भाचीनं त्यांना काड्यांचे गठ्ठे दिले आणि म्हणाली, "माझी आई कसं मोजते ते ऐका. नलवत्तु म्हणजे चाळीस, ओंबत्तु म्हणजे नऊ. नलवत्तोंबत्तु." चार गठ्ठे, नऊ सुट्या. "आता चाळीस नऊ म्हणा. म्हटलं? मग त्यालाच तुझ्या शाळेत एकोणपन्नास म्हणतात, तुझ्या शाळेत ओगणपचास. पन्नासला एक कमी, म्हणून." आणि तिनं पन्नासाचे पाच गठ्ठे करून त्यातून एक काडी काढून दाखवली. पोरांना कन्नडचा 'क' येत नव्हता, पण 'नलवत्तोंबत्तु' म्हणताना अशी खिदळत होती की तो अंक पुन्हा चुकण्याची शक्यता नाही.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता. 'सत्तावन्न'बरोबर 'पन्नास सात' असंही वाचायला सांगितलं, म्हणून मराठी बुडाली असा ओरडा झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलटे अंक यांनी लहान मुलं अडतात, गणिताची भीती तिथून सुरू होते, असं त्या सांगत राहिल्या. टीका करणाऱ्यांत किती जण सीमाभागात राहिलेले होते कोण जाणे. आपल्या घरात 'ऐवत्तेळु' हे सत्तावन्न शेकडो वर्षं सुखानं नांदतंय आणि त्यामुळं आपली मराठी काही बुडालेली नाही.

माझ्या गाईडात 'बालविकास आणि अध्यापनशास्त्र' नावाचा तीस गुणांचा भाग आहे. मुलाची घरची भाषा ही अडचण नसून साधन आहे, असं त्यात चार-चार वेळा लिहिलेलं. ते पाठ करताना माझी दमछाक होत होती. ही मुलगी न वाचताच ते ओट्यावर करत होती. रात्री जेवताना मी भाऊजींना म्हटलं, "हिला शिक्षिका होऊ द्या."

भाऊजी हसले. "मास्तरीण? अहो, दोनदा नीट देऊन शेवटी पी.टी.सी.?" आपल्याकडे डी.एड. म्हणतात ते गुजरातेत पी.टी.सी. आणि त्यांचा सूर आपल्याकडच्या पालकांचाच. दुसरं काही जमलं नाही तर शिक्षक. हा सूर मला नेहमी टोचतो, पण त्या रात्री मी वाद घातला नाही, कारण त्यांची पुढची वाक्यं खोटी नव्हती. २०२३ मध्ये गुजरात सरकारनं 'ज्ञान सहायक' योजना आणली, शिक्षक अकरा महिन्यांच्या करारावर. टीईटी पास झालेली मुलं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली होती, ते भाऊजींनी पेपरात वाचलं होतं. "लूमवाल्यालासुद्धा बारा महिने काम असतं," ते म्हणाले. यावर काय बोलणार? महाराष्ट्रात पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' म्हणून काढावी लागतात, प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढवून सोळा हजार केलं, त्याआधी ते सहा हजार होतं. आपल्याकडं 'अतिथी शिक्षक' आहेतच, पाहुणे म्हणायचं आणि घरच्यासारखं राबवायचं. तीन राज्यांत तीन नावं.

म्हणून शिक्षक व्हायचं ठरवलं तर डोळे उघडे ठेवून, एवढंच मी म्हणेन. आणि वाट कोणती धरायची ते बारावीलाच ठरवायचं. पुष्कळ घरांत अजून समज आहे की आधी पदवी घ्यावी, मग बी.एड. करावं, मग पहिलीपासून दहावीपर्यंत कुठंही शिकवता येतं. तसं नाही. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ ला दिला. लहान मुलांना शिकवायचं तर त्यासाठीचं डी.एल.एड. हवं. लाखभर रुपये घालून बी.एड. झालेल्या आणि प्राथमिकच्या भरतीवर डोळा ठेवून बसलेल्या मुली मला आमच्या तालुक्यात माहीत आहेत. त्यांच्या पायाखालची जमीनच गेली.

त्याच वर्षी एक नवी वाटही निघाली. बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, पदवी आणि बी.एड. एकत्र. लहान वर्गांना शिकवायचं की मोठ्या, हेही त्यात आधी ठरतं. त्याच्या प्रवेश परीक्षेला एनसीईटी म्हणतात. ती तेरा भाषांत होते. मराठी, कन्नड, गुजराती तिन्ही आहेत, आणि इथं केवळ जीवशास्त्राचं पाठांतर नाही, दोन भाषा आहेत, सामान्य ज्ञान आहे, शिकवण्याचा कल आहे. एनसीईआरटीच्या प्रादेशिक शिक्षण संस्थांत याच वाटेनं जाता येतं. या संस्थांची राज्यं ठरलेली आहेत. गुजरात, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी भोपाळ, कर्नाटकासाठी म्हैसूर. म्हणजे गंमत बघा, भाची सुरतेची म्हणून तिला भोपाळ आणि तिची मामेबहीण निपाणीत आहे तिला म्हैसूर. एकाच आजीच्या दोन नाती. खाजगी कॉलेजच्या मानानं तिथं खर्च थोडा, बाईमाणसाला वसतिगृह. नीटसाठी केलेला दोन वर्षांचा जीवशास्त्राचा अभ्यासही वाया जात नाही, कारण विज्ञान शिकवायलाही माणसं लागतातच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी – अक्का, भाची आणि मी – फराळाची ताटं बाजूला सारून बसलो आणि मग तो रकाना आला. दोन भाषा कोणत्या?

टीईटीत या रकान्याला मोठा अर्थ आहे. एकूण १५० प्रश्न, दीडशे गुण, प्रत्येक भाषेचे तीस. पास व्हायला साठ टक्के, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिल्या भाषेत बघतात तुम्ही त्या माध्यमातून शिकवू शकता का, दुसरीत समज आणि संवाद. केंद्राच्या टीईटीत वीस भाषांतून निवड करता येते. म्हणजे भाषा १ लिहिताना तुम्ही आवडीची भाषा सांगत नसता, पुढची तीस वर्षं कुठल्या शाळेच्या दारात उभं राहायचं ते लिहीत असता. हे सायबर कॅफेतल्या पोराच्या घाईत भरायचं काम नव्हे, आणि आपल्याकडं नेमकं तिथंच भरलं जातं. "बाई, कन्नड टाकू की मराठी?" – "टाक काहीतरी."

अक्का म्हणाली, "मराठी एक. त्यात विचारायचं काय?" भाचीनं मान हलवली. तिचं म्हणणं, सुरतेत मराठी शाळा आहेत, त्यांना मराठी शिक्षक लागतील, हे खरं. पण सगळी उमेद तेवढ्याच जागांवर ठेवायची का? गुजरातीत शिकवता आलं तर सगळं राज्य मोकळं. शिवाय २०२३ च्या कायद्यानं गुजरातेत सगळ्या बोर्डांच्या शाळांत आठवीपर्यंत गुजराती सक्तीची झाली आहे. आपल्याला हे नवं नाही. कर्नाटकानं कन्नडसाठी २०१५ मध्ये कायदा केला, महाराष्ट्रानं मराठीसाठी २०२० मध्ये. तिन्हीकडं आपापल्या भाषेचा शिक्षक लागणार. "मराठी माध्यमातून गुजरातीत आलेल्या पोरांना शिकवणारं कुणीतरी पाहिजे ना, मावशी? पेशी म्हणजे काय ते त्यांना कोण सांगणार?"

अक्काचा चेहरा उतरला. मी तिची बाजू समजू शकते. पंचवीस वर्षं परक्या गावात राहून तिनं घरात मराठी टिकवली. मुलीला मुद्दाम मराठी शाळेत घातलं, शेजारणी इंग्रजीच्या मागं धावत असताना. आणि आता मुलगी मराठीला दुसऱ्या रकान्यात ढकलते आहे. मी म्हटलं, अगं, तू तरी कन्नड कुठल्या रकान्यात ठेवलंस? तशी ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली आणि मग दोघी बहिणी अव्वाच्या आठवणीनं रडलो, ते इथं कशाला लिहायचं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी भाचीच्या बाजूची आहे, पण पुरती नाही. शहरातल्या मराठी शाळांना त्यांच्याच चाळीतून शिकून गेलेली शिक्षिका मिळाली तर त्या शाळा जगतील, बाहेरून आलेल्या माणसाला ती ओढ नसते. हुशार मुली सगळ्याच मोठ्या भाषेकडं गेल्या तर मराठी शाळेत कोण उरणार? आमच्या शाळेपुढंही हाच प्रश्न आहे. पण हा भार एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवायचा अधिकार मला नाही. मी माझ्या अर्जात भाषा १ मराठी लिहिली, भाषा २ कन्नड. माझी नोकरी ठरलेली आहे, मला सोपं होतं.

निघायच्या आदल्या रात्री भाऊजींनी आपला निर्णय सांगितला. दोन्ही अर्ज भरायचे, नीटचाही आणि या नव्या परीक्षेचाही. नीटसाठी आता क्लास नाही, घरून अभ्यास. पाटल्या आधी सोडवून आणायच्या. मला यातला पहिला भाग पटला नाही. दोन दगडांवर पाय ठेवून अभ्यास होत नाही हे मी वर्गात रोज बघते. पण मुलीनं लगेच हो म्हटलं, आणि बाप आणि लेकीनं मिळून ठरवलेल्या गोष्टीत मावशीनं किती बोलावं?

आता दर रविवारी रात्री आमचा फोन असतो. ती मला अध्यापनशास्त्राचे प्रश्न घालते, मी तिला मराठी उताऱ्यावरचे. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त येतात, हे स्टाफरूममध्ये मी सांगितलेलं नाही. ओट्यावरची पोरं वाढून चौदा झाली आहेत. भाऊजी अजून तोंडानं काही म्हणत नाहीत, पण भोपाळला जाताना भुसावळला गाडी बदलावी लागते का, हे ते पाळीवरच्या एका सोबत्याला विचारून आले, असं गेल्या रविवारी अक्कानं हळूच सांगितलं.